रोड फोर्स बॅलन्सिंग: पिकअपच्या स्टिअरिंगची थरथर यानं खरंच जाते का?

चारदा बॅलन्सिंग (वजनं लावून चाक तोलणं) झालं, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झालं, पुढचे टायर मागे गेले, तरी ९० ओलांडलं की स्टिअरिंग हातात थरथरतंच. पिकअपवाल्यांची ही जुनी तक्रार, आणि तिच्यावर हल्ली हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'एकदा रोड फोर्स करून बघा'. ही सेवा साध्या बॅलन्सिंगपेक्षा महाग आहे आणि नीट केली तर वेळही दुपटीहून जास्त लागतो.

निकाल आधीच सांगतो. थरथर योग्य जातीची असेल आणि चाक मशीनवर नीट बसवलं असेल, तर पाचपैकी साडेचार. यातली एक अट जरी हुकली, तरी आधीच्या चार बॅलन्सिंगमध्ये पाचव्याची भर, यापलीकडे काही होत नाही. मशीन कुठल्या कंपनीचं आहे यापेक्षा या दोन अटींवर जास्त अवलंबून आहे, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

मशीन करतं काय

साधं बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवतं आणि वजन कुठे जास्त आहे तेवढं सांगतं. टायर गोल आहे की नाही, एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला मऊ आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अंड्यालाही वजनं लावून बरोबर तोलता येतं, पण रस्त्यावर सोडलं की ते उड्याच मारणार.

रोड फोर्स मशीनमध्ये एक जाड रोलर असतो. तो फिरत्या टायरवर दाबला जातो. हंटर कंपनीच्या मशीनवर (रोड फोर्स हे नाव त्यांचंच) हा जोर साडेपाचशे किलोंच्या पुढे जाऊ शकतो, म्हणजे जवळपास गाडीचा भार पेलत असल्यासारखाच टायर दबतो. मग चाक सावकाश फिरतं आणि एका फेरीत टायर रोलरला कुठे जास्त जोरानं ढकलतो, कुठे कमी, याची नोंद होते. जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांच्यातला फरक म्हणजे त्या चाकाचा रोड फोर्स. आकडा किलो, पाउंड किंवा न्यूटनमध्ये दिसतो.

हा आकडा वजनाच्या भाषेत समजून घेतला की सेवेचं मोल कळतं. २६५/६५ आर १७ हा पिकअपचा नेहमीचा टायर घ्या. व्यास ७७६ मिमी, घेर २.४४ मीटर. १०० च्या वेगाला चाक सेकंदाला ११.४ फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅम वजन चुकलेलं असेल, तर या वेगाला ते सुमारे ३.४ किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. वर असताना वर, खाली असताना खाली, म्हणजे एका फेरीत सुमारे ७ किलोंचा हेलकावा. आता टायर अर्धा मिलिमीटर लंबगोल आहे असं समजा. दबलेल्या टायरचा ताठरपणा मिलिमीटरला २५ किलोंच्या आसपास धरला, तर हेलकावा साडेबारा किलोंचा झाला. ५५ ग्रॅम वजन चुकवल्यासारखंच हे, आणि साध्या मशीनचा पडदा मात्र दोन्ही बाजूंना शून्य दाखवून मोकळा.

आणखी एक फरक. वजनाची चूक वेगाच्या वर्गानं वाढते. १०० ला ३.४ किलो ओढणारं वजन ५० ला एक किलोही ओढत नाही. टायरचा लंबगोलपणा मात्र कुठल्याही वेगाला जवळपास तेवढाच ढकलतो. तरीही तो जाणवतो ९० ते ११० च्या पट्ट्यात, कारण पुढच्या सस्पेन्शनवर चाकाची स्वतःची उडी साधारण त्याच वारंवारतेची, सेकंदाला १० ते १५ वेळा. दोन्ही ताल जुळले की स्टिअरिंग नाचतं, वेग पुढे गेला की शांत होतं. म्हणूनच 'सव्वाशेला गाडी एकदम मस्त जाते' हे ऐकून दोष नाही असं समजू नये.

आधी जात ओळखा

रोड फोर्स फक्त चाकाच्या फेरीशी बांधलेली थरथर काढतं. बाकीच्या थरथरीवर खर्च करण्याआधी रिकाम्या, सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाचणी पुरते.

गाडी १०० ला न्या आणि न्यूट्रलमध्ये सोडा. थरथर तशीच राहिली तर दोष बहुधा चाकांकडे. गेली तर इंजिन, क्लच किंवा प्रॉपेलर शाफ्टकडे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) पाहा. मग हलका ब्रेक. फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर तो ब्रेकच्या डिस्कचा विषय आहे, टायरवाल्याचा नाही. थरथर फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (त्याचा सांधा) किंवा पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. गाडी उंच करून घेतल्यावर हे दुखणं विशेष दिसतं, कारण जॉइंटचा कोन वाढलेला असतो.

हातात जाणवते की बुडाखाली, हेही महत्त्वाचं. स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि फरशी थरथरत असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट. खात्री करायची तर पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावा. थरथर हातातून सीटमध्ये गेली, तर चाकच दोषी. या तपासणीला जॅक आणि पाना सोडून काही लागत नाही, तरी बहुतेक जण ती टाळतात.

ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी मोबाइलमधलं कंपन मोजणारं कुठलंही ॲप चालतं. मोबाइल सीटच्या रुळावर घट्ट दाबून धरायचा, आणि तो शेजारी बसलेल्यानं धरायचा, चालवणाऱ्यानं नाही. वर सांगितलेल्या टायरला १०० च्या वेगाला शिखर ११ ते १२ हर्ट्झला आलं तर चाकाची एक फेरी, एक धक्का. २३ च्या आसपास आलं तर फेरीला दोन धक्के, हा बहुधा टायरचाच आकार. ४४ च्या आसपास आलं आणि मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.९ असेल (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.९ फेऱ्या), तर तो प्रॉपेलर शाफ्ट. तिथे रोड फोर्सचा काहीएक उपयोग नाही.

चाकाची थरथर ओळखण्याची एक खूण तर कानाडोळा करता येणार नाही अशी असते. ती सलग नसते. अर्धा मिनिट वाढते, मग विरते, पुन्हा येते. लांबलचक वळण घेऊन बाहेर पडलं की तिचा रंग बदललेला असतो. दोन्ही पुढची चाकं अगदी सारख्या व्यासाची नसतात, आणि वळणात बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन्हींचे जड भाग कधी एकाच वेळी वर येतात, कधी आळीपाळीनं. चालकाला वाटतं रस्ता खराब आहे.

जाता जाता: अलाइनमेंटनं थरथर जात नाही. अलाइनमेंट बिघडल्यानं गाडी एका बाजूला ओढते आणि टायर चुकीचा झिजतो. तो झिजलेला टायर पुढे थरथरतो, आणि तेव्हा कोन दुरुस्त करून टायर परत गोल होत नाही.

सेवा चांगली की वाईट, हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं

मशीन सुरू होण्याआधी कारागीर काय करतो ते पाहा. गुण तिथेच ठरतात.

पिकअपच्या रिमच्या आतल्या कडेला वाळलेला चिखल असतो. बाहेरून चाक चकचकीत, आत दोन मुठी माती. ती खरवडून काढली नाही तर मशीन त्या मातीचंच वजन तोलतं, आणि पुढच्या खड्ड्यात ढेकूळ निखळलं की बॅलन्स गेला. जुनी सगळी वजनं काढायला हवीत. ट्रेडमधले, म्हणजे टायरच्या नक्षीतले, खडे काढायला हवेत. टायरमध्ये पंक्चरचं द्रव असेल तर ते खाली साचतं आणि प्रत्येक फिरवणीला वेगळा आकडा येतो. असं चाक कुठल्याही मशीनवर धड तोललं जात नाही, आधी ते आतून पुसावं लागतं.

मग हवा. गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे दाब, आणि टायर शक्यतो १५-२० मिनिटं चालून आलेले. रात्रभर किंवा महिनाभर एका जागी उभ्या असलेल्या गाडीचा टायर खाली चपटा होतो. तो थंडच मोजला तर रोड फोर्स उगाच फुगलेला दिसतो आणि चांगला टायर बदनाम होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: चाक मशीनच्या शाफ्टवर कसं बसवलं जातं. कारमध्ये चालून जाणारी पद्धत पिकअपच्या जड चाकाला चालत नाही. योग्य रीत अशी: स्प्रिंगवरचा शंकू आतल्या बाजूनं, म्हणजे हबच्या (गाडीवर चाक ज्यावर बसतं तो भाग) बाजूनं, रिमच्या मधल्या भोकात बसतो. बाहेरून नुसता कप लावायचा नाही. बोल्टच्या भोकांत बसणाऱ्या पिनांची प्लेट लावायची, म्हणजे गाडीवर नट जसे धरतात तसंच मशीनवर धरलं जातं. घट्ट करताना चाक हातानं हळू फिरवत राहायचं, नाहीतर ३० किलोंचं चाक स्वतःच्या वजनानं लोंबून तिरकं बसतं.

तिरकं म्हणजे किती? केंद्र ०.१ मिमी सरकलं, केसाएवढं, तर ३० किलोंच्या चाकात १४ ग्रॅमची खोटी चूक तयार होते. मशीन तिच्यासाठी मन लावून वजन सुचवतं, कारागीर मन लावून चिकटवतो, आणि गाडीवर तेच वजन थरथर निर्माण करतं. चारदा बॅलन्सिंग होऊनही थरथर का जात नाही, याचं सर्वाधिक वेळा सापडणारं कारण हेच.

पडताळणी सोपी आहे आणि ती करायला सांगायला संकोच नको. बॅलन्सिंग पूर्ण झाल्यावर चाक सैल करा, शाफ्टवर अर्धा वळसा फिरवून पुन्हा आवळा आणि पुन्हा फिरवा. आकडा ५ ग्रॅमच्या आत राहिला तर काम पक्कं. १५-२० ग्रॅम उगवले तर शंकू चुकीचा आहे, भोकाची कड घाण आहे किंवा मशीनचा शाफ्टच झिजला आहे. याला नकार देणाऱ्या ठिकाणी मशीन कितीही महागडं असलं तरी काम करून घेऊ नये.

आणखी एक गंमत. मशीनवरचा शून्य हा शून्य नसतो. ५ ग्रॅमच्या आतलं बरेचदा लपवलं जातं. मूळ आकडा दाखवणारं बटण असतं, ते दाबायला सांगा.

टायर रिमवर फिरवणं

आकडा आला की खरं काम सुरू होतं. मशीन रिमचा उंचसखलपणाही मोजू शकतं, अचूक आकड्यासाठी टायर काढून रिमची आतली बैठक मोजावी लागते. रिमचा सखल भाग आणि टायरचा उंच भाग एकावर एक आले तर दोन्ही दोष एकमेकांना खातात. मशीन व्हॉल्व्हपासून किती अंतरावर खडूची खूण करायची ते सांगतं. मग हवा सोडायची, टायर रिमपासून सुटा करायचा, कडेला भरपूर साबण लावायचा, खुणा जुळवायच्या, परत हवा भरायची. साबणात कंजुषी केली तर टायरची कड एका बाजूला नीट बसत नाही आणि नवाच लंबगोलपणा तयार होतो. ती बसवताना टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे कधीही जाऊ नये. कडेजवळची बारीक उठावाची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, हे डोळ्यांनीही कळतं.

नव्या टायरवर लाल आणि पिवळे ठिपके असतात. सर्वसाधारण संकेत असा की पिवळा म्हणजे हलका भाग, तो व्हॉल्व्हपाशी. लाल म्हणजे जोर जास्त असलेला भाग, तो रिमच्या सखल खुणेपाशी, खूण असेल तर. बसवणाऱ्यानं ठिपके नीट पाळले तर रोड फोर्सची अर्धी गरज तिथेच संपते. बहुतेक ठिकाणी मात्र ठिपका जिथे येईल तिथे.

किती आकडा चांगला? गाडी बनवणाऱ्या कंपनीची मर्यादा मिळाली तर तीच प्रमाण. नाही मिळाली तर पिकअपच्या चाकाला ८ किलोंच्या आत असेल तर विसरून जा. ८ ते १४ असेल तर मागे लावा, हाताला बहुधा कळणार नाही. १४-१५ च्या वर असेल तर टायर रिमवर फिरवा. फिरवूनही उतरला नाही आणि रिम सरळ असेल, तर दोष टायरच्या पोटात आहे. जाड नक्षीच्या, चिखलात चालणाऱ्या टायरांकडून रस्त्याच्या टायरांइतकी अपेक्षा ठेवू नका.

रिमसाठी ढोबळ मर्यादा अशी: ॲलॉय पाऊण मिलिमीटर, लोखंडी एक मिलिमीटरच्या आसपास. टायर चढवलेल्या पूर्ण चाकाला दीड मिलिमीटरच्या वर गेलं की ते कोणत्याही वजनानं गप्प बसत नाही. एकाच बाजूला ६० ग्रॅमच्या वर वजन मागितलं गेलं तर लावू नका, आधी टायर फिरवून पाहा. चाक जॅकवर हातानं फिरवताना ट्रेडच्या रेघा नागमोडी सरकताना दिसल्या किंवा बाजूला फुगा दिसला, तर आतला पट्टा सुटला आहे. असा टायर बॅलन्स करण्याचा नाही, काढून टाकण्याचा. तो ४० च्या वेगालाही डुलतो आणि कधीही फुटू शकतो.

मशीनवर सगळं ठीक, गाडीवर पुन्हा तेच

इथे सेवेचा अर्धा गुण कापला आहे, कारण बहुतेक ठिकाणी जबाबदारी मशीनवरून चाक उतरलं की संपते.

हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं घासलेला नसतो. गंजाची एक पातळ खवली रिमखाली राहिली की चाक तिरकं. डिस्कखाली राहिली तर आणखी वाईट. हबजवळचा ०.०५ मिमी कचरा डिस्कच्या बाहेरच्या कडेला जवळपास दुप्पट होतो. अशी डिस्क दर फेरीला पॅडला घासत काही हजार किलोमीटर चालली की तिची जाडी असमान होते. जाडीत ०.०२ मिमी फरक पडला तरी ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलू लागतं. 'डिस्क वाकली' असं सर्रास म्हटलं जातं, पण वाकलेली क्वचितच असते, असमान झिजलेली असते. नवी डिस्कही घाण हबवर बसवली तर तिची तीच गत.

बदललेल्या रिमचा प्रश्न वेगळा. टोयोटा हायलक्स आणि फोर्ड रेंजर, दोन्हींची मांडणी ६ बोल्ट, १३९.७ मिमी. हायलक्सचं रिम रेंजरला बोल्टांवर चढतं. पण हायलक्सचं मधलं भोक १०६.१ मिमी आणि रेंजरचा हब ९३.१ मिमी. १३ मिमीची पोकळी राहते आणि केंद्र सांभाळायचं काम फक्त नटांवर येतं. असं चाक मशीनवर शंकूनं अचूक केंद्रित होतं आणि गाडीवर होत नाही. मापाची हब रिंग (पोकळी भरणारी कडी) घाला, नट रिमच्या बैठकीला जुळणारे असू द्या, आणि चाक जॅकवर अधांतरी असतानाच नट आडव्यातिडव्या क्रमानं आवळा. मग जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचनं (जोर मोजून आवळणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. हवेच्या गननं एका दमात कडकड आवळलेले नट एक सैल, एक अतिघट्ट राहतात.

चाक उतरलेलंच आहे तर खेळ तपासून घ्या. चाक परत लावून, जॅकवर असताना वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक. हे ढिले सांधे स्वतः थरथर निर्माण करत नाहीत, चाकाची लहानशी थरथर हातापर्यंत मोठी करून आणतात. पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाडीत खड्ड्यानंतर स्टिअरिंग दोन्हीकडे बेफाम झोडपू लागलं, तर पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बुश आणि टाय रॉड आधी पाहा. त्यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवणं म्हणजे दुखणं झाकणं. अशी गाडी दुरुस्तीपर्यंत वेगानं चालवू नये.

कोणी करून घ्यावं

नवे टायर टाकताना केलं तर सगळ्यात फायद्याचं, कारण टायर तसाही रिमवर चढवायचाच असतो आणि खराब निघालेला टायर परत देता येतो. चारही चाकं मोजा, स्टेपनीसह पाच झाली तर उत्तम. सर्वात कमी आकड्याची दोन पुढे. निम्मे झिजलेले टायर असतील आणि थरथर हळूहळू वाढत आली असेल तरी उपयोग होतो, पण मर्यादित. असमान झीज फिरवून जात नाही. ब्रेकवर किंवा ॲक्सिलरेटरवर येणाऱ्या थरथरीसाठी करून घेऊ नये. फक्त शहरात ५०-६० च्या आत चालणाऱ्या गाडीला साधं बॅलन्सिंग, नीट केंद्र धरून केलेलं, पुरेसं आहे.

निघताना चाकनिहाय कागद मागा: आधीचा रोड फोर्स, नंतरचा रोड फोर्स, रिमचा उंचसखलपणा आणि उरलेली वजनाची चूक. कुठलं चाक कुठे लावलं तेही त्यावर लिहून घ्या. आणि ८० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचनं तपासा. ॲलॉय रिमचे तर नक्कीच.